पंचनदरावचा तिसरा गिअर

पंचनदराव तुम्हाला पहिल्यांदा भेटला तर नमस्कार करणार नाही. तो खांद्यावरच्या पिशवीतून हातभर लांबीचा लाकडी डाव काढेल, त्याचं वाटीसारखं टोक स्वतःच्या कानाला लावेल, दांडा तुमच्या छातीवर टेकवेल आणि डोळे मिटेल. मग म्हणेल, "दुसऱ्या गिअरांत चाललां आहां. पित्त असेल." माझ्या थोरल्या मुलीला बघायला आलेल्या मंडळींचं स्वागत त्यानं असंच केलं. मुलाच्या बापाचा क्लच सरकतो असं निदान निघालं. लग्न झालं, पण व्याही अजून आमच्या घरात शिरताना छातीवर हात धरून शिरतात.

हे मी बिनधास्त लिहितो आहे, कारण तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी घरोघर बोलतात, पण देवनागरी वाचणारा मी एकटाच उरलो आहे. त्यामुळे शेजाऱ्यांबद्दल खरं लिहायला मला कुणाची भीती नाही, आणि खोटं लिहायला तर मुळीच नाही.

पंचनदराव कालव्यांच्या खात्यात ड्राफ्ट्समन. माझं टेबल त्याच्या शेजारी. सरकार समजतं की तो कालवे काढतो. वास्तविक वरच्या कागदावर कालवा असायचा आणि खाली ट्रेसिंगवर मोटार. बायको नाही, मुलं नाहीत, कुठलं व्यसन नाही. एवढ्या मोकळ्या वेळेत माणसानं काय करावं? त्यानं घराच्या मागच्या अंगणात शर्यतीची गाडी बांधली. इंजिन एका मोडक्या मोटारीचं, त्यावर एकाऐवजी दोन कार्बुरेटर. बॉडी कुंभकोणच्या भांडीवाल्याकडून ठोकून घेतलेली, त्यामुळे उन्हात ती इडलीपात्रासारखी काम करायची. बसायला बंद पडलेल्या टॉकीजच्या दोन खुर्च्या, अजून मागं नंबर रंगवलेले. माझी खुर्ची एफ चौदा.

गिअरबॉक्स मात्र लिलावात घेतलेल्या दुधाच्या व्हॅनचा. चार गिअर. पहिले दोन बरे होते. चौथा टाकला की टणकन बाहेर उडायचा. म्हणून पंचनदराव जन्मभर तिसऱ्यात. आणि तिसरा रडायचा. साधं रडणं नव्हे. लग्नघरात नादस्वरवाल्याच्या तोंडातली ओली पत्ती फाटावी तसं. त्या आवाजानं राजवाड्याच्या मनोऱ्यावरचे कावळे गाव सोडून गेले. मोठ्या देवळातल्या दगडी नंदीनं दोन्ही कान टवकारले असं लोक सांगतात. मी एकच कान म्हणतो. मला अतिशयोक्ती आवडत नाही.

ही गाडी दर रविवारी पापनाशमला जायची, आणि साक्षीदार म्हणून मी. तिथं पंचनदरावची थोरली बहीण, सुंदराक्का, एकटी राहते. आई लवकर गेल्यावर तिनंच त्याला वाढवला. नवरा रेल्वेत तिकिटं द्यायचा. तो गेला, मग अक्काची दृष्टीही गेली, पण घर सोडून तंजावूरला यायला ती तयार नाही. "माझे हात इथल्या भिंती ओळखतांत," म्हणते. तो डाव तिच्याच स्वयंपाकघरातला. दर रविवारी ती पहिलं वाक्य म्हणायची, "पंचू, माझा डाव दे." आणि पंचू दर रविवारी म्हणायचा, "पुढच्या खेपेस, अक्का."

दुसरं म्हणजे तिच्याकडची कापी, आमच्या बोलीतली कॉफी. आपण दारात उतरावं आणि ओट्याच्या कट्ट्यावर दोन पितळी टंबलर वाफाळत असावेत, वर फेस, अजून न बसलेला. कधीही जा, तयार. मला वाटायचं, या घरात परसदारी कापीचा झरा आहे. पंचनदराव तर अभिमानानं सांगायचा, "अक्काकडं चोवीस तास कापी."

या सुखी प्रवासात एकच काटा होता: कुंभकोणला जाणारी एक खाजगी बस. तिचा ड्रायव्हर मणी. आम्ही तिसऱ्यात किंचाळत चाललेलो, आणि मणी दर रविवारी, अय्यमपेट्टैच्या अलीकडं, नेमका त्याच पुलाजवळ, आम्हाला मागं टाकायचा. वर खिडकीतून तमिळमध्ये ओरडायचा, "काय राव सार, मांजर चाकाखाली आलंय का?" बसमधल्या कोंबड्यासुद्धा हसायच्या.

"मणीच्या आधीं पापनाशमला पोचलों नाहीं तर नांवाचा पंचनद नव्हें," असं त्यानं भर ऑफिसात, एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरच्या समोर जाहीर केलं. इंजिनिअरला मराठी येत नव्हतं. त्यानं टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात देशानं दारं उघडली. गल्लीच्या तोंडाशी पिवळा टेलिफोनचा बूथ आला, परदेशी कोला आला, आणि रस्त्यांवर नव्या नव्या गाड्या आल्या. नव्या गाड्या आल्या म्हणजे त्या उलटणारही. पंचनदराव रोज सकाळी पेपर उघडून आधी अपघात वाचायचा. शेवटी एक नवी कोरी जीप त्रिचीच्या रस्त्यावर आडवी झाल्याची बातमी आली. "माणसं वाचली का रे?" मी विचारलं. "माणसं वांचलीं," तो म्हणाला, "आणि गिअरबॉक्सही." पाच गिअरचा बॉक्स! त्यानं तो ऑटोत बाळंतिणीसारखा उशीवर निजवून घरी आणला.

दोन महिने अंगण म्हणजे इस्पितळ झालं. बॉक्स उघडला, एकेक चाक केळीच्या पानावर ओळीनं मांडलं. आत गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या पितळी रिंगा असतात, त्यातल्या दोन झिजलेल्या. त्या मद्रासहून आणल्या. बेअरिंगं नवी. शाफ्टला किंचित ढिलाई राहिली तर पत्र्याच्या कागदाएवढ्या पातळ चकत्या, मग डाव कानाला, मग पुन्हा उघड. एकदा तो जोडून झाल्यावर पानावर एक स्प्रिंग उरली. पंचनदराव तीन दिवस जेवला नाही.

खरी अडचण पुढं. इंजिन एका जातीचं, बॉक्स दुसऱ्या जातीचा. दोघांचे बोल्ट जुळेनात. मधे एक जाड चकती हवी. त्यानं नकाशा काढला, लाल शाई, निळी शाई, दोन्ही बाजूंनी दृश्य. तशी चकती ओतणार कोण? स्वामिमलैचा एक मूर्तिकार तयार झाला. पंचधातूच्या देवदेवता ओतणारं घराणं. त्यानं आधी मेणाची केली, मुहूर्त बघितला, ओतली. चकती केसाइतकी अचूक आली, फक्त कडेनं सोळा कमळाच्या पाकळ्या होत्या. "माझ्या घरातून गोल वस्तू पाकळ्यांशिवाय बाहेर पडत नाही," मूर्तिकार म्हणाला. पंचनदरावनं पाकळ्या ठेवल्या. जगात कुठल्याही शर्यतीच्या गाडीचं इंजिन कमळात बसलेलं नसेल.

नवा बॉक्स जुन्यापेक्षा लांब. चाकांकडं जाणारा शाफ्ट कापून आखूड केला. गिअरचा दांडा वीतभर मागं निघाला, थेट एफ चौदाच्या बगलेत. तिसरा टाकताना माझ्या बरगडीत, पाचवा टाकताना मांडीवर. पण आवाज? आवाज नाहीच! गल्लीत चाचणी घेतली तेव्हा म्हातारे जागे झाले नाहीत, कुत्री उठली नाहीत. माझ्या बायकोनं विचारलं, "गाडी विकली की?"

तो रविवार मी विसरणार नाही. पुलाजवळ मणी आला, हॉर्नवर हात ठेवूनच आला. पंचनदरावनं माझ्या मांडीवर पाचवा टाकला. गाडी अशी सुटली की भाताच्या शेतांतले बगळे आमच्याबरोबर उडत होते ते उलटे गेल्यासारखे दिसले. मणीचं उघडं तोंड मी मागं वळून पाहिलं. त्यात एक अख्खा लाडू मावला असता. पापनाशमचं रेल्वे फाटक उघडं. अक्काच्या रस्त्याच्या वळणावर पंचनदरावनं इंजिन बंद केलं आणि नुसत्या वेगावर, न्यूट्रलमध्ये, हंसासारखी गाडी कडुनिंबाखाली आणून उभी केली. अक्काच्या ओट्यापासून पंधरा पावलं.

तो डाव हातात घेऊन ऐटीत उतरला. आणि थांबला.

कट्ट्यावर कापी नव्हती. दोन टंबलर होते, घासलेले, पालथे.

अक्का ओट्यावर खांबाला टेकून बसली होती. धुतलेलं लुगडं, केस विंचरलेले. तोंड आमच्याकडं नव्हतं, रेल्वे फाटकाकडं होतं. एक लॉरी गेली. तिनं हनुवटी वर केली, ऐकलं, खाली केली. एक स्कूटर गेली. हनुवटी वर, खाली. मग मणीची बस घरघरत गेली, तशी ती खांब धरून उभी राहिली. बसच्या मागून आम्ही यायचो ना. बसचा आवाज पार विरला, तरी उभीच.

फुलवाली कडुनिंबाकडं न बघताच जाता जाता म्हणाली, "काय अम्मा, तुमचे धाकटे तंबी आले नाहीत आज?"

"येईल," अक्का म्हणाली. "त्याची गाडी फाटकापासून रडत येते. ती ऐकली कीं मी दूध चढवतें." आणि हळूच खाली बसली.

कापीचा झरा कुठं होता ते मला तेव्हा कळलं. मी पंचनदरावला कोपरानं ढोसलं. "जा की!" मी कुजबुजलो. तो जाईना. इतकी वर्षं दर रविवारी तो या दारात उतरला, पण दाराची ही बाजू त्यानं कधी बघितली नव्हती. हातातला डाव त्यानं असा धरला होता की जणू कुणाच्या तरी छातीला लावायचा होता आणि धीर होत नव्हता.

मग तो चवड्यांवर मागं सरकला, मलाही ओढलं. खुणेनंच म्हणाला: ढकल. आम्ही दोघांनी ती गाडी, पाच गिअर, दोन कार्बुरेटर आणि सोळा पाकळ्यांसकट, ढकलत वळणापर्यंत मागं नेली. तिथं पंचनदरावनं घसा खाकरला, नाकावर मूठ धरली, आणि त्याच्या आतून तिसरा गिअर निघाला.

आधी डासासारखा. मग चढत चढत वर, मधे तो ठरलेला कंप, जिथं व्हॅनच्या त्या गिअरचा एक दात तुटका होता तिथली उचकीसुद्धा. मी मागून घामाघूम ढकलतोय, तो एका हातानं स्टिअरिंग धरून चालतोय आणि रडतोय, म्हणजे गाडीचं रडणं. रस्त्यावरची कुत्री उभी राहिली. फुलवालीची टोपली कलली.

"आला!" अक्का म्हणाली आणि भिंतीला हात लावत आत गेली.

आम्ही दारात पोचलो तेव्हा टंबलर सुलटे झाले होते. फेस होता. अक्कानं डाव मागितला नाही.

"पंचू, गाडीला पडसें झालेंय की?"

"होय, अक्का. थोडें."

"कढत आहे तोंवर पी. घसा मोकळा होईल." आणि जरा वेळानं, "डाव असूं दे तुजजवळ. गाडी बरी कर."

पुढच्या आठवड्यात पाचचा बॉक्स बाहेर आला. तो आता माझ्या जिन्याखाली तेल लावून, जुन्या धोतरात गुंडाळून ठेवला आहे. कमळाची चकती त्याच्या देवघरात आहे. व्हॅनचा बॉक्स त्यानं पुन्हा उघडला. नवी बेअरिंगं घातली, कापलेला शाफ्ट जोडून पुन्हा लांब केला, चौथा दुरुस्त केला, आता तो उडत नाही. तिसऱ्याला त्यानं हात लावला नाही. गल्लीनं कारण विचारलं तेव्हा म्हणाला, "पांचव्याला स्वर नाहीं."

चौथ्यामुळं आम्ही हल्ली मणीच्या पुढं राहतो, पुलाजवळही, थेट फाटकापर्यंत. फाटक ओलांडलं की पंचनदराव चौथ्यातून तिसरा टाकतो. रस्ता मोकळा असतो. गाडी किंचाळायला लागते, मणी हॉर्न वाजवत बाजूनं निघून जातो, खिडकीतून मांजराची चौकशी करतो. पंचनदराव त्याला हात करतो आणि तिसऱ्यातच, सावकाश, दारापर्यंत जातो.