नवापूरच्या फलाटावर युरोपची तालीम

आयुष्यात आपली एकही गाडी चुकलेली नाही, असं भूपेंद्रभाऊ चारचौघांत छाती फुगवून सांगत. ते खरंही होतं. पंचायत समितीतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त होईपर्यंत ते सरकारी जीपनेच फिरले होते.

त्यामुळे लेकीने, यामिनीने, आई-बाबांना ऑस्ट्रियाला बोलावलं तेव्हा सगळा कारभार भाऊंनी आपल्याकडे घेतला. यामिनी तिकडे आल्प्सच्या डोंगरातल्या एका चिमुकल्या गावात नर्स होती. त्या गावाचं नाव नवापुरात कुणालाच नीट घेता येत नसे. भाऊ तर दर वेळी वेगळंच नाव घेत. "या, माझ्याकडे राहा, जमलं तर रेल्वेने थोडं फिरू," एवढंच ती म्हणाली होती. त्या 'थोड्या'त भाऊंनी सात देश बसवले. नाश्ता एका देशात, जेवण दुसऱ्यात, आणि झोप शक्यतो गाडीतच.

"आनि पोरसंगे बोलनं कव्हय?" आशाताईंनी विचारलं. लेक परदेशी गेल्यापासून त्यांनी तिला फक्त मोबाइलवर पाहिलं होतं.

"गाडीत बोला की. बोलायला वेगळा वेळ कशाला हवा?"

एक दिवस यामिनी सहज बोलून गेली की, तिच्या गावाची छोटी गाडी खालच्या जंक्शनला पोहोचते आणि मोठी गाडी पकडायला मध्ये जेमतेम चार मिनिटं असतात. झालं. ती चार मिनिटं भाऊंच्या डोक्यात घुसली ती निघेचनात. चार मिनिटं चुकली की सातही देश गेले. भाऊंनी तिथल्या तिथे निर्णय घेतला. तालीम करायची.

तालीम पूर्ण वेषात ठरली. मे महिन्याच्या भर दुपारी भाऊ आणि आशाताई लोकरी कोट आणि कानटोप्या घालून नवापूर स्टेशनवर आले. बॅगांना वजन हवं म्हणून त्यांत घरातली ज्वारी भरली होती. धावपळीत पडू नये म्हणून आशाताईंचा फोन आणि पाकीट भाऊंनी स्वतःच्या खिशात घेतलं. सोबत शेजारचा रिक्षावाला मुजाहिद होता. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तेव्हा सीमा ओलांडायचा सरावही आयताच होणार होता. मुजाहिदने गुजरातच्या बाजूला उभं राहून पासपोर्ट तपासायचे होते.

"साहेब, मी तपासू काय त्यात?" मुजाहिदने विचारलं.

"फोटो बघ आणि तोंड बघ. आणि हसू नकोस. ते लोक हसत नाहीत."

सीमा बिनबोभाट पार पडली. तेवढ्यात नंदुरबारकडे जाणारी पॅसेंजर आली. भाऊंची योजना साधी होती. एका दाराने चढायचं, डब्यातून जायचं, दुसऱ्या दाराने उतरायचं.

"मन्हा गुडघा दुखस. येवढं पयीसन काय करनं शे?" आशाताई म्हणाल्या. पण भाऊंनी घड्याळ सुरू केलं होतं.

दोघं चढले. भाऊ बॅगा ओढत, माणसांच्या पायांवरून, कोंबड्यांच्या टोपलीवरून वाट काढत दुसऱ्या दाराने फलाटावर उतरले. घड्याळ बघितलं. वेळ शिल्लक होता. "जमलं," ते म्हणाले आणि शाबासकी द्यायला मागे वळले. मागे कुणी नव्हतं. गाडी मात्र हलली होती.

"साहेब, भाभी तो गयी," मुजाहिद म्हणाला.

भाऊंनी घाईघाईने आशाताईंना फोन लावला. तो त्यांच्याच खिशात वाजला.

मग मुजाहिदची रिक्षा नंदुरबारच्या वाटेवरच्या खांडबारा स्टेशनाकडे सुटली. मागे ज्वारीच्या बॅगा आणि त्यांच्यामध्ये कानटोपी घातलेले भाऊ. खांडबारा स्टेशनात पोहोचले तर गाडी निघून गेलेली, फलाट रिकामा. म्हणजे ती नंदुरबारला गेली, असा भाऊंनी हिशोब केला. मुजाहिदला बाहेर थांबवून पुढच्या गाडीत उडी मारली, आणि या उडीत तिकीट काढायचं राहिलं. नंदुरबारला तिकीट तपासनीसाने बरोबर त्यांनाच धरलं. अशा उन्हात लोकरी कोट घातलेला माणूस नजरेतून सुटणार कसा?

"कुठं निघालात?"

"निघालो नाही. सराव करतोय," भाऊ म्हणाले.

तपासनीसाने त्यांच्या हातातले दोन पासपोर्ट पाहिले आणि खुर्ची पुढे केली. "बसा काका. घरचं कोणी सोबत आहे?"

"तेच तर शोधतोय."

दंड भरून, सगळं नंदुरबार स्टेशन पालथं घालून, भाऊ संध्याकाळी एसटीने नवापूरला परतले ते पोलिसांत जायच्या तयारीने. तर घरी ओट्यावर आशाताई! शेजारी मुजाहिद चहा पीत बसलेला, आणि त्याच्या फोनवर यामिनी हसून हसून लाल झालेली.

आशाताई डब्यात चढल्या तेव्हाच रमिलाबाई नावाच्या एका बाईने सरकून त्यांना जागा दिली होती. गुडघा दुखत होता, जागा खिडकीची होती. त्या बसल्या. रमिलाबाईंनीच त्यांना खांडबाऱ्याला उतरवून घरी नेलं, आंब्याचा रस वाढला आणि पुन्हा स्टेशनवर आणून सोडलं. तिथे बाहेर थांबलेला मुजाहिद भेटला आणि त्याने त्यांना रिक्षाने घरी आणलं; भाऊंना लावलेला फोन मात्र लोकरी कोटाच्या खिशात कुणाला ऐकूच गेला नव्हता.

"बाबा, आईने बेत बदललाय," यामिनी म्हणाली. "एकच मोठी गाडी. शेवटपर्यंत जायचं, जेवायचं, परत यायचं."

"पण जंक्शनला गाडी बदलायची आहेच ना? चार मिनिटांत?"

"नई सापडनी ते?" आशाताईंनी विचारलं.

"चुकते मग," भाऊ म्हणाले.

"चुकनी ते काय व्हई?"

"तासाभराने दुसरी येते," यामिनीने सांगून टाकलं.

"मंग बठसूत तासभर. पोरसंगे बोलनं व्हई."

भाऊंनी कानटोपी काढली. इतक्या महिन्यांच्या नियोजनात हा तास त्यांना कुठेच सापडला नव्हता. मनगटावरचं घड्याळही उतरवून ठेवलं. आशाताईंना वाटलं, माणूस सुधारला.

"यामिनी," ते हळूच म्हणाले, "त्या जंक्शनवर बाकडी किती आहेत, तेवढं बघून ठेव. एक आपण आधीच ठरवून टाकू."