सुपडूनाना आणि मुकी चेन

सुपडूनाना कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी ती कानाशी धरून हलवतात. नारळ सगळेच हलवतात. नाना काडेपेटी हलवतात, कुलूप हलवतात, दोंडाईच्याच्या बाजारात एकदा मी त्यांना छत्री हलवताना पाहिलं आहे. मग डोळे मिटून स्वतःलाच विचारतात, "आवाज काय म्हनस?" वस्तू काय म्हणते ते आम्हाला कधीच ऐकू येत नाही. नानांना येतं, आणि निम्म्या वेळा ते चुकीचं असतं.

जन्मभर त्यांनी कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रांना तेल दिलं, तिथून हे खूळ लागलं. पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले, तर पोहे टाकून हे उठले आणि त्या लोकांच्या फ्रिजला कान लावून उभे राहिले. मग भर बैठकीत निकाल दिला, "माणसं चांगला शेतस, पन फ्रिज थकी जायेल शे." लग्न झालं. फ्रिज अजून चालू आहे. मुलीचा बाप मात्र अजून नानांशी बोलत नाही.

माझं स्टेशन रोडला गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान, आणि नानांचं घर माझ्या घराला भिंतीला भिंत लागून. म्हणजे सुटका दोन्हीकडे नाही. तरी त्या आठवड्यात त्यांनी माझा जेवढा अंत पाहिला, तेवढा कधी पाहिला नव्हता.

नानांच्या जुन्या पेट्रोल मोटारीचं इंजिन जाम झालं होतं. गॅरेजवाल्या सलीम मिस्तरीनं ते पूर्ण खोललं, बोअर केलं, नवे पिस्टन टाकले. राहिली होती फक्त टायमिंग चेन. इंजिनच्या तोंडाशी दोन दातेरी चाकं असतात, एक पिस्टनकडचं, एक व्हॉल्वकडचं. त्या दोघांना एका तालात ठेवते ती ही चेन. ढिली होऊन ती दात सोडून सरकली, की पिस्टन व्हॉल्वला धडकतो आणि नवं केलेलं इंजिन पुन्हा भंगारात. म्हणून चेन आणि चाकं एकाच सेटमधली, तीही घट्ट बसणारी घ्यायची, हे शेंबडं पोरही सांगेल.

आणि घाई होती. नानांच्या बायकोच्या, आमच्या अक्कांच्या, पोटात गाठ निघाली होती. धुळ्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, सोमवारी दाखल करा, आता उशीर नको. पण अक्कांना अलीकडे माणसं ओळखू येईनाशी झाली होती, आणि परक्या गाडीत त्या पाय ठेवत नसत. माझ्या गाडीचं दार त्यांनी दोन्ही हातांनी ढकलून दिलं. ॲम्ब्युलन्स आली, तर आतून कडी लावून बसल्या. एकच धोशा, "मी त्यासनीच गाडीमा जासू." त्यासनी म्हणजे नानांच्या; आमच्या बोलीत बायको नवऱ्याला 'त्या' म्हणते. तेव्हा नानांची गाडी सुरू झाल्याशिवाय अक्का धुळ्याला पोचणार नव्हत्या.

शुक्रवारी मी दुकानातला उत्तम सेट काढून दिला. नानांनी चेन कानाशी नेली.

"हाई तं मुकी शे. दुसरी दाखाड."

"नाना, चेन मुकीच पाहिजे. बोलणारी चेन म्हणजे ढिली चेन."

"दुसरी दाखाड."

दुसरा सेट मिस्तरीनं बसवला आणि हँडलनं इंजिन फिरवून दाखवलं. नाना बॉनेटखाली डोकं घालून ऐकत राहिले आणि म्हणाले, खोला. तिसरा सेट मी धुळ्याहून एसटीच्या ड्रायव्हरबरोबर मागवला. त्यात शनिवार गेला. भिंतीपलीकडून अक्कांचं कण्हणं मला घरी ऐकू यायचं, आणि इकडे त्यांचा नवरा माझ्या काउंटरवर चेनी खुळखुळवत बसलेला. माझं रक्त तापत चाललं होतं.

रविवारी दुपारी गॅरेजमध्ये नानांनी तिसरा सेटही नापास केला. मग खिशातून फडक्यात गुंडाळलेली एक चेन काढली. मोटारीतून निघालेली जुनीच.

"हाईच टाक," ते म्हणाले.

मिस्तरीनं ती आडवी धरली. नवी चेन अशी धरली तर काठीसारखी सरळ राहते. ही दोन्हीकडून लोंबली. "नाना, ही वाटेतल्या चिमठाण्याच्या पुढे नेणार नाही," तो म्हणाला. "दात सोडेल. अक्का रस्त्यात अडकतील."

मग मात्र माझा तोल गेला. लोकांच्या फ्रिजला कान लावलेत ते खपून गेलं, म्हटलं, पण बायकोचा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्हाला खुळखुळे सुचतायत. आणखीही बरंच बोललो. नानांनी मिस्तरीच्या हातून चेन परत घेतली.

"भाऊ," ते म्हणाले, "तिले मन्हं तोंड वयखू येत नही आते. पन गाडी गल्लीना कोपराले उनी की हाई चेन वाजस. ती उठीसन फाटक उघाडस. म्हनस, त्या घर उनात." मग म्हणाले, "तेवढंच उरेल शे."

मिस्तरी हातातला पाना उगीचच पुसत राहिला. मला रडू आलं आणि ते लपवायला गॅरेजमध्ये जागा नव्हती.

नानांनी चेन तळहातावर घेऊन एकदा कानाशी हलवली. शेवटी त्यांनी ती फडक्यात परत गुंडाळली. "रस्तामा बंद पडी तर ती घाबरी जाई," ते म्हणाले. "मुकीच टाक."

सोमवारी सकाळी नाना गॅरेजमधून गाडी घेऊन आले. ती दारात उभी राहिली तेव्हाच आल्याचं मला कळलं, इतकं इंजिन बिनआवाज चालत होतं. अक्का पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. त्या जागच्या हलल्या नाहीत. फाटक नानांनी स्वतःच उघडलं.

"चाल, धुयाले जानं शे ना?"

अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि पिशवी पोटाशी घट्ट धरली. "हाई गाडी त्यासनी नही. त्या आजून उनात नहीत."

आता पुन्हा आतून कडी लागणार, असं मला वाटलं. मी पुढे झालो, पण नानांनी हातानंच मला थांबवलं. त्यांनी टोपी सारखी केली, दोन पावलं मागे सरकले आणि गाडीचं मागचं दार उघडून अदबीनं बाजूला उभे राहिले.

"अक्का," नाना म्हणाले. स्वतःच्या बायकोला त्यांनी असं हाकारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. "त्यासनीच धाडेल शे मले. त्या धुयाले तुमनी वाट दखी राह्यनात. बठा."

अक्कांनी थोडा विचार केला. मग उठल्या, पदर सावरला आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

"हळू चालाड रे भाऊ," त्या नानांना म्हणाल्या. "जोरमा चालाडेल त्यासले आवडत नही."

"हो अक्का," नाना म्हणाले आणि त्यांनी दार हळूच लावलं.