चार नंबरचे भुजंगराव

आमचे लातूरचे शेजारी भुजंगराव माणसांना रस्त्यांचा दर्जा देत. कलेक्टर म्हणजे राज्य मार्ग, तहसीलदार म्हणजे जिल्हा मार्ग. आणि बी.ए. होऊन मुलींना इंग्रजी शिकवणारी तुमची आजी? "बाई, तुमी ग्रामीण मार्ग." बाळांनो, हा अपमान मी अजून विसरलेले नाही.

भुजंगराव बांधकाम खात्यात ट्रेसर होते. दुसऱ्याने काढलेला नकाशा पारदर्शक कापडावर शाईने गिरवायचा, एवढेच काम. आयुष्यात स्वतःचे एक वळण काढले नाही, पण ऐट अशी की सह्याद्री जणू यांनीच जागेवर बसवला. समुद्र कधी पाहिला नव्हता. शिरूर अनंतपाळजवळचे गाव आणि लातूर, इथेच त्यांचे जग संपे. तरी जीव जडला तो एकदा गिरवलेल्या कोकणच्या किनारी रस्त्यावर.

लातूरचा नवा जिल्हा झाला, तेव्हा तर त्यांना ऊतच आला. "जिल्हा मार्गाचा नंबर जिल्ह्यापुरता. जिल्हा फुटला की समदे पुन्हा एकपासून! पर किनारी रस्ता, रेवस ते रेडी, राज्य मार्ग चार नंबर. त्येला कोण हात लावतंय? जिल्हे ओलांडतो, खाडी आडवी आली तरी पल्याड चारच!"

दुष्काळ होता. टँकरच्या रांगेतही त्यांचे सुरूच, "श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बाणकोट, दाभोळ..." मागची म्हातारी एकदा खेकसली, "भुजंगा, तिथल्या पाण्यानं हितली घागर भरतीय का? सरक म्होरं!"

त्यांची बायको लवकर गेली. एकुलती एक मुलगी सुशीला, माझीच विद्यार्थिनी. तिला गुहागरजवळच्या एका शाळेत शिक्षिकेची नेमणूक मिळाली. सोमवारी हजर व्हायचे, नाहीतर नेमणूक रद्द. सगळे म्हणाले, चिपळूणवरून जा. मीही म्हणाले.

"बाई, मी गिरवलाय तो रस्ता. दापोली, दाभोळ, की सरळ गुहागर. नकाशात रेघ हाय."

अशा माणसाला शहाणपण शिकवण्यात मी वेळ घालवत नाही. गेले दोघे, पत्र्याची पेटी घेऊन.

आठ दिवसांनी भुजंगराव परतले, ते चार नंबरचे नावही काढीनात. खुलासा सुशीलाच्या पत्रातून झाला. दाभोळला रस्ता पाण्यात संपत होता. पूल झालेलाच नव्हता. मूळ नकाशात तिथे व्हायच्या पुलाचे ठिपके होते, पण ठिपके म्हणजे कुणाचा तरी हात थरथरला, असे समजून या महाशयांनी गिरवताना अखंड रेघ ओढली होती! त्यात सोमवारीच पलीकडे नेणारी लाँच बिघडलेली. सुशीला पेटीवर बसून रडू लागली. आणि ज्यांनी तळ्यातही कधी पाय घातला नव्हता, ते भुजंगराव कमरेएवढ्या पाण्यात शिरून एका कोळ्यापुढे हात जोडून उभे राहिले. "मालक, चूक माझी हाय. नोकरी पोरीची हाय." होडीत पलीकडे पोचेपर्यंत त्यांनी डोळे मिटून घेतले होते. शाळा सुटायच्या आत ती हजर झाली, एवढे नशीब.

अशी संधी मी सोडते होय? संध्याकाळी चार शेलके टोमणे तयार ठेवूनच त्यांच्याकडे गेले.

"काय भुजंगराव, नकाशातली रेघ ओली कशी निघाली?"

ते खिडकीपाशी कचेरीतून आणलेले नकाशाचे कापड पसरून बसले होते. दाढीच्या ब्लेडने एकेका खाडीवरची शाई अलगद खरवडत होते.

"अहो, सरकारी नकाशा फाटेल!"

"फाटत न्हाई, बाई. हात हलका हाय माझा." मान वर न करता ते म्हणाले, "माझी पोर रडली तिथं. उद्या दुसऱ्या कुणाची रडाया नको." मग शाईची भुकटी फुंकत, "आता घरी आलं की काम तरी काय असतंय? ह्येच करीत बसतो."

कापडाचे टोक सारखे गुंडाळले जात होते. मी समोर बसले आणि ते दोन्ही हातांनी धरून ठेवले.