सिद्धारामअण्णांवर पाकळ्या पडल्या

आख्ख्या धाराशिव जिल्ह्यात जपानी कार्टून, म्हणजे पोरं ज्याला ॲनिमे म्हणतात ते, काढणारा आपल्या तोडीचा दुसरा माणूस नाही, असं गुरुसिद्धप्पा येडशीच्या चहाच्या टपरीवर मांडी ठोकून सांगायचा. समोरच्यानं मान हलवायच्या आत स्वतःच पुस्ती जोडायचा, "म्हंजे दुसऱ्या कुणाला विचारलेलं न्हाय म्या. आन् माझ्या माणसाला आजून हात फुटलेले न्हायीत."

गुरुसिद्धप्पाची शाळा सातवीत संपली. (मास्तरांच्या खुर्चीवर खाजकुयली कुणी टाकली, हे शाळेला कळलं तेव्हा.) पुढं जन्मभर किराणा दुकान केलं आणि ते पोराच्या गळ्यात घातल्यापासून त्याच्याकडं एकच धंदा उरला, खोड्या काढणं. त्यातली मोठी खोडी बायकोच्या भावावर, बेंबळीच्या सिद्धारामवर पडली होती. सिद्धारामच्या पोराच्या लग्नात ह्यानं आचाऱ्याला कानात सांगितलं, की यजमानांना साखरेचा आजार आहे, हुग्गीत गूळ घालू नका. आख्ख्या वऱ्हाडानं गव्हाची बिनगुळाची खीर तोंड वाकडं करत खाल्ली आणि नाव ठेवलं सिद्धारामला. तेव्हापासून मेहुण्यानं बोलणं टाकलं होतं.

आता त्याच सिद्धारामची एकसष्टी आली. बोलावणं आलं, पण फक्त बहिणीला. मल्लम्मानं पिशवी भरता भरता नवऱ्याला सांगितलं, "तुमी बी चला. अण्णाचं मन जिंकायचं बघा. पण ह्या खेपंला काय चावटपणा केला, तर मी बेंबळीलाच ऱ्हाणार. मागं येणार न्हाय. सांगून ठिवते."

मल्लम्मा बोलली ते करते, हे गुरुसिद्धप्पाला ठाऊक होतं. त्यानं कानाला हात लावला आणि ठरवलं, की खोडी नाही, यावेळी मनापासून भेट द्यायची. मेहुण्याचं ॲनिमे करायचं. हलतं.

हे खूळ घरातच शिरलेलं होतं. सून शिवरंजनी घरी बसून हैदराबादच्या कुठल्याशा कंपनीसाठी असली चित्रं काढायची आणि त्यांना हलवायची. माणसाचे डोळे बशीएवढे, नाक म्हणजे ठिपका, आणि केस मक्याच्या तुऱ्यासारखे उभे, तेही निळे. गुरुसिद्धप्पा तिच्या मागंच लागला, "मलाबी शिकीव."

तिनं शिकवलं. पेन धरायचं हातातल्या काळ्या पाटीवर आणि रेघ उमटणार समोरच्या पडद्यावर. गुरुसिद्धप्पा पाटीकडं बघत गोल काढायचा आणि पडद्यावर वांगं व्हायचं. त्याला आवडलं ते एकच बटण. दाबलं की काढलेली रेघ मागं जायची.

"असलं बटण लग्नाच्या टायमाला पाहिजे होतं," तो बायकोला ऐकू जाईल असं म्हणाला.

"मी दोनदा दाबलं असतं," आतून आवाज आला.

पण ऐन एकसष्टीच्या तोंडावर शिवरंजनी माहेरी गेली. जाताना म्हणाली, "मामा, घाबरू नका. जे जमत नाही ते झाकायचं. आमच्या धंद्यात सगळे तेच करतात."

गुरुसिद्धप्पानं हा मंत्र घट्ट धरला. सिद्धारामचे पाय काही केल्या एकमेकांच्या मापाचे होईनात, म्हणून त्याला मांडी घालून बसवलं. हाताला कधी चार बोटं यायची, कधी सात. वरून शाल पांघरली, दोन्ही हात आत. नाकाचा ठिपका कुठंही ठेवला तरी माशी बसल्यासारखी दिसायची, म्हणून नाक काढूनच टाकलं. कपाळ मोकळं मोकळं वाटलं, तिथं विभूतीचे तीन पट्टे ओढले. डोळ्यांनी मात्र दगा दिला. एक बशी, तर दुसरा परात. मग त्याला सुनेचा धडा आठवला, की ॲनिमेत माणूस लई खूश झाला की डोळे मिटून घेतो. मिटले डोळे. सिद्धाराम लई खूश झाला.

आता हलवायचं कसं? माणूस हलवायचा तर एकेका सेकंदाला ढीगभर चित्रं काढावी लागतात. गुरुसिद्धप्पाकडं तेवढी चित्रंही नव्हती आणि तेवढा दमही. पण मशीनमध्ये तयार पाकळ्या होत्या. जपानी माणूस प्रेमात पडला तरी वरून पाकळ्या पडतात, मारामारीत पडला तरी पाकळ्याच. त्यानं त्या सोडल्या. मागं पिवळा उजेड लावला, बासरी लावली. वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहायला गेला तर मराठी अक्षरांचे नुसते चौकोन उमटले, म्हणून सुनेनं कधी तरी तयार ठेवलेलं 'ॐ नमः शिवाय' वर चिकटवलं.

तर चित्र असं झालं. सिद्धाराम शाल पांघरून मांडी घालून बसलाय, कपाळाला विभूती, डोळे मिटलेले, पाकळ्या पडतायत, बासरी वाजतीय, आणि सगळं हलतंय, फक्त सिद्धाराम सोडून. आपल्याकडं लिंगायतांत माणसाला शेवटी बसवूनच, विभूती लावून, फुलं वाहून नेतात, हे गुरुसिद्धप्पानं जन्मभर बघितलेलं. पण कलावंत आपल्या कामाकडं कौतुकानं बघतो, तेव्हा त्याला दुसरं काही दिसत नाही.

एकसष्टीच्या सकाळी त्यानं ते, खाली 'आपले सिद्धारामअण्णा' एवढंच लिहून, पावण्यारावळ्यांच्या ग्रुपवर सोडलं. बघता बघता जोडलेल्या हातांचा पूर आला. एकानं लिहिलं, 'विश्वास बसत नाही.' गुरुसिद्धप्पाला स्वतःलाही बसत नव्हता. तेवढ्यात सिद्धारामचे साडू दगडोबा यांचा तेरवरून फोन.

"अप्पा, आवो हे कधी झालं?"

"आत्ताच की. च्याच्या आधी."

"लई हाल झाले का हो?"

"हाल म्हंजे! आठ दिस डोळ्याला डोळा न्हाय. आधी पाय गेले, मग हात गेले. शेवटी डोळे मिटवले, तवा कुठं चेहरा निवांत झाला."

पलीकडं हुंदका फुटला. "जवळ कोण होतं?"

"कोण असणार? एकट्यानंच उरकलं म्या. सून बी माहेरी गेल्ती."

हुंदका थांबला. मग दगडोबा हळूच म्हणाले, "अप्पा, हे दुसऱ्या कुणापाशी बोलू नगा."

"आवो, सांगा की समद्यांना!" गुरुसिद्धप्पा म्हणाला. एवढी नम्रता कशाला, असं त्याला वाटलं.

मल्लम्माचा फोन साधा, त्यामुळं तिला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दोघं बेंबळीच्या जीपमध्ये बसली. गावाच्या तोंडाशी गुरुसिद्धप्पाला चौकात भला मोठा फ्लेक्स दिसला आणि त्यात आपलं चित्र! त्यानं बायकोला कोपरखळी मारली, "बघ! माझं चित्र चौकात लागलं!"

मल्लम्मानं बघितलं. चित्राखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' असं होतं, आणि त्याच्या शेजारी चौपट मोठा, हसरा, गॉगल घातलेला भावी झेडपी मेंबर रणधीर. (रणधीरकडं असे फ्लेक्स तयारच असतात, फक्त मेलेला माणूस चिकटवायचा बाकी असतो.)

"अण्णा!" मल्लम्मानं अशी किंकाळी फोडली, की जीपवाल्यानं ब्रेक दाबला. ती खाली उतरून चपला हातात घेऊन पळत सुटली. गुरुसिद्धप्पा मागं, "अगं, त्यो जित्ता हाय! त्यो नुसता खूश हाय!" ओरडत.

सिद्धारामच्या दारात ही गर्दी. नवं धोतर नेसलेला सिद्धाराम उंबऱ्यावर उभा राहून हात जोडत होता, आणि समोर लांबच्या नात्यातली म्हातारी नागम्मा छाती पिटत होती.

"नागम्मा, म्या हितंच हाय!"

"असशील बाबा, पर टेम्पोनं एवढ्या लांबनं आलीया. रडून तरी घिऊ दे."

आलेले लोकही जरा हिरमुसलेच. ज्यांनी कित्येक वर्षं ओळख दाखवली नव्हती, त्यांनी येता येता मनातल्या मनात मोठ्या मनाचा माणूस म्हणून भाषणं जुळवली होती. आता ती जित्या माणसाला ऐकवायची कशी? दगडोबा तर गुरुसिद्धप्पाला बघून दोन पावलं मागंच सरकले.

मल्लम्मानं भावाला मिठी मारली, त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, आणि वळली. तिच्या डोळ्यांतलं पाणी गालावर होतं तिथंच थांबलं होतं. "सांगितलं होतं ना तुमाला?"

"शप्पत, खोडी न्हाय!" गुरुसिद्धप्पा काकुळतीला आला. "मनापासून काढलं म्या."

"दाजी," सिद्धाराम कित्येक वर्षांनी पहिल्यांदा त्याच्याशी बोलला, "मनापासून काढलं, तर डोळे का मिटले?"

आता आली पंचाईत. खोडी म्हटली तर बायको जाणार. खोडी नाही म्हटलं, तर आख्ख्या जिल्ह्यात तोड नसलेल्या कलावंतानं एवढ्या माणसांत कबूल करायचं काय? गुरुसिद्धप्पानं दोन्ही कान धरले.

"डोळे येत न्हायीत मला."

"आन् हात?"

"न्हाय."

"नाक?"

"ते तर आजिबातच न्हाय."

सिद्धारामनं खडू मागवला आणि फरशीकडं बोट केलं. "काढा. माझ्याम्होरं. डोळे उघडे ठिवून."

गुरुसिद्धप्पा गुडघ्यावर बसला. घाम पुसत, जीभ बाहेर काढून त्यानं जीव तोडून काढलं. एक डोळा भाकरीएवढा झाला, दुसरा कपाळ ओलांडून डोक्यावर गेला, आणि नाकाचा ठिपका गालावर घसरला. माणसं वाकून बघू लागली. नागम्मा रडायची थांबली. सिद्धारामनं ती फरशी एकदा डावीकडनं, एकदा उजवीकडनं बघितली आणि मग तो पोट धरून हसत खाली बसला. "मल्लू, ह्येला खरंच येत न्हाय गं! गडी खरं बोलतोय!"

मग काय, सगळेच हसले. जेवणं झाली. रडायला आलेल्यांनी जास्त वाढून घेतलं. फरशीवरच्या डोळ्याला दगडोबांचा पाय लागला तेव्हा त्यांनी पाया पडून माफी मागितली.

ऊन कललं, तसा गुरुसिद्धप्पा ताठ मानेनं बायकोपाशी गेला. अब्रू गेली होती, पण बायको राहिली होती.

"चल आता घरी. खोडी न्हवती, हे पटलं न्हवं? तुझंबी असंच चित्र काढतो बघ. मनापासून."

मल्लम्मानं पिशवी उचलली नाही. ती म्हणाली, "खोडकर माणसाबरोबर जन्म काढला, कधी भ्याले न्हाय. पर तुमी मनापासून कायतरी कराया लागलात, की लोक टेम्पो करून रडाया येतात. तुमी व्हा म्होरं. तुमचं हे मनापासूनचं उतरलं, की निरोप धाडा, मग येते."