चारशे बारा पुस्तकांना एक जामीनदार

रबाबला पुस्तक-छाटणीच्या पेपरात वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते, आणि कफ्र अल-बलाहच्या सार्वजनिक वाचनालयात रुजू झाल्यावर पहिल्या तासाभरातच तिनं ही गोष्ट तिघांना सांगून टाकली. तिथं तिघंच होते, म्हणून! कैरोला ग्रंथालयशास्त्र चार वर्षं घासून आलेली मुलगी. तिला त्या धुळकट कपाटांकडे बघून हात शिवशिवायला लागले. शिवाय येत्या गुरुवारी अकरा वाजता खात्याचे निरीक्षक उस्ताझ शौकत तपासणीला येणार होते. शेरा चांगला पडला तर नोकरी कायम, नाही तर परत कैरोला, थोरल्या वहिनीच्या हाताखाली भांडी घासायला.

"गुरुवारपर्यंत या वाचनालयाचं सोनं करते की नाही बघा," तिनं अम्म लबीबना सांगितलं. अम्म लबीब म्हणजे तिथले शिपाई. तीस वर्षं रोजंदारीवर होते, आणि गाव त्यांना अम्म म्हणजे काका म्हणायचं. ते 'बरं' म्हणाले आणि चहा टाकायला गेले.

शास्त्र अगदी साधं होतं. प्रत्येक पुस्तकाच्या मागे तारखांची पट्टी चिकटवलेली असते. पुस्तक कुणी घरी नेलं की पट्टीवर शिक्का बसतो. दहा वर्षांत शिक्का नाही म्हणजे वाचक नाही, आणि वाचक नाही तर पुस्तक रद्दीत! रबाबनं पालेभाजी निवडावी तशी कपाटं निवडली. चारशे बारा पुस्तकांच्या पट्ट्या कोऱ्या करकरीत निघाल्या. उलट 'धरणांचे बांधकाम' नावाचे सात जाडजूड खंड शिक्क्यांनी नुसते भरून गेले होते. या गावाला अभियांत्रिकीची केवढी ओढ! रबाबला इतका आनंद झाला की तिनं हे वाक्य अहवालातसुद्धा घातलं.

"उस्ताझा, त्या पट्ट्यांचं जरा असं आहे की..." अम्म लबीबनी एकदा सुरुवात केली. तिथं शिकलेल्या पुरुषाला उस्ताझ म्हणतात आणि बाईला उस्ताझा.

"अम्म लबीब, हे शास्त्र आहे."

त्यांनी आजवर अकरा ग्रंथपाल पचवले होते. ते पुन्हा चहा टाकायला गेले.

पुस्तकं रद्दीत काढायला तीन सह्या लागतात. एरवी अशा फायलीला दाढी फुटते, पण त्या आठवड्यात काय ग्रह होते कोण जाणे, एकाच दुपारी तिन्ही सह्या झाल्या. तिसरी तर जिल्ह्याहून फॅक्सनं आली, न वाचता केल्यासारखी झटपट. बुधवारी भर दुपारी रद्दीवाल्याची गाढवगाडी भरून निघाली, आणि रबाब दारात उभी राहून मोठ्या कौतुकानं बघत राहिली.

गुरुवारी सकाळी आठला हाज फिकरी आले. निवृत्त स्टेशनमास्तर. सहा वर्षं रोज त्याच खुर्चीत बसून त्यांचा मामलुक सुलतानांचा इतिहास वाचणं चाललं होतं. त्यांनी न बघता चौथ्या खंडाकडे हात नेला आणि हात गेला पोकळीत. मागोमाग पेन्शनर नर्स मादाम दौलत आल्या, आणि मग जो आला तो आपलं पुस्तक शोधत कपाटापुढे उभा राहिला. हॉलमध्ये असा कालवा झाला की बाहेरचं गाढव बिथरलं.

"तुम्ही रोज वाचता, तर घरी का नेत नाही?" रबाबनं रडवेल्या आवाजात विचारलं.

तेव्हा तिला कळलं. पुस्तक घरी न्यायचं तर कायम सरकारी नोकरीतला जामीनदार आणावा लागे, आणि पुस्तक हरवलं तर त्याच्या पगारातून कापून घेत. कफ्र अल-बलाहमध्ये माणूस एक वेळ पोरगी देईल, सही देणार नाही. म्हणून अख्खं गाव इथंच बसून वाचायचं.

"मग धरणांची पुस्तकं कोण नेत होतं?"

"मागचे ग्रंथपाल," अम्म लबीब म्हणाले. "स्टाफला जामीन लागत नाही ना. त्यांच्याकडे सलगमचं लोणचं घालायचे. बरणीवर दाब ठेवायला काहीतरी जड लागतं."

रबाबनं तिसरा खंड उघडला. व्हिनेगरचा असा भपकारा आला की तिच्या डोळ्यांतलं पाणी आता कशाचं हे तिचं तिलाच कळेना. आधी का नाही सांगितलंत, असं तिनं विचारलं तेव्हा अम्म लबीब शांतपणे म्हणाले, "शास्त्र होतं ना, उस्ताझा."

रद्दी गेली होती कालव्याच्या पुलावर, तामियाचे वडे तळणाऱ्या शलबीकडे, पुड्या बांधायला! वाचनालयाला कुलूप लागलं आणि सगळा वाचकवर्ग पुलाकडे धावत सुटला. शलबी पुस्तकांच्या गठ्ठ्यावरच बसला होता. सुदैवानं अजून एकही पान फाटलं नव्हतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, झारा खाली ठेवला, हात पुसले.

"नेता येतील," तो म्हणाला. "जामीनदार आणा. कायम सरकारी नोकर. सही आणि शिक्का."

बारा वर्षांपूर्वी त्याला मिठायांचं एक पुस्तक घरी न्यायचं होतं. 'वडेवाल्याला जामीन कोण राहणार?' असं म्हणून त्याला चारचौघांत परत पाठवलं होतं. ते त्यानं बारा वर्षं मनात धरून ठेवलं होतं. रबाबनं सगळ्यांकडे पाहिलं. हाज फिकरी निवृत्त, मादाम दौलत पेन्शनीत, अम्म लबीब रोजंदारीवर आणि ती स्वतः अजून कच्ची. दहा वाजून गेले होते.

तेवढ्यात पुलावर एक गाडी थांबली. रिकाम्या पोटी तपासणी कोण करतो? बगलेत फाइल धरलेले एक गलेलठ्ठ गृहस्थ उतरले आणि त्यांनी चार तामियांची ऑर्डर दिली. फाइलवर वाचनालयाचं नाव होतं. म्हणजे हेच उस्ताझ शौकत! पण लपवायला आता उरलंच काय होतं? तिनं लोणच्यासकट सगळं खरं सांगून टाकलं.

उस्ताझ शौकत घास हातात धरून गरजले, "अशा मूर्ख यादीवर सही करणारा गाढव कोण?"

रबाबनं पर्समधून यादीची प्रत काढली. शास्त्राप्रमाणे दोन प्रती केलेल्याच होत्या. तिसरी सही बघून उस्ताझ शौकतना ठसका लागला. मादाम दौलतनी पाठ चोळून दिली.

"साहेब, तुम्ही कायम आहात?" शलबीनं अदबीनं विचारलं.

"सव्वीस वर्षं."

"शिक्का?"

तो खिशातच होता.

पुस्तकं शलबीकडून पंधरा दिवसांच्या बोलीवर उसनी म्हणून गाढवगाडीतून परत आली, आणि महिनाभरात रबाबचा कायमचा हुकूम निघाला. तिनं अधीरपणे शेरा वाचला: 'यांना तातडीने कायम करावे. या सोडून गेल्या व पुस्तके हरवली, तर चारशे बारा पुस्तकांची भरपाई अधोस्वाक्षरीकर्त्याच्या पगारातून होईल.'

शलबी आता दर पंधरा दिवसांनी हात पुसून येतो, प्रत्येक पट्टीवर नवी तारीख उठवून घेतो आणि जाताना मिठायांचं पुस्तक चाळतो. छाटणीतले मार्क मात्र रबाब आता कुणी विचारल्याशिवाय सांगत नाही. आणि विचारत कुणीच नाही.