खिंडीच्या अलीकडचे पाच मजले

नकाशांच्या कचेरीत आरेखकाने सव्वीस वर्षं डोंगर काढले होते. चढला मात्र एकही नव्हता. पन्नाशी उलटल्यावर त्याने हिमालयातल्या एका मोहिमेत नाव घातलं. हिमनदी तुडवत उंच खिंड ओलांडायची होती. ती खिंड त्याने तीनदा कागदावर आखली होती. मरायच्या आत एकदा पायांनी बघायची होती. बायकोला मात्र सांगितलं नाही. तिने ‘झेपेल का?’ एवढंच विचारलं असतं, आणि त्याला उत्तर येत नव्हतं.

सराव म्हणून तो रोज पहाटे, ती उठायच्या आत, सॅकमध्ये पंधरा किलो रद्दी भरून इमारतीचे पाच मजले आठ वेळा चढू-उतरू लागला. चेहरा मुळातच पडलेला, त्यात धाप. दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी चार दिवस हे पाहिलं आणि सोमवारी त्याला अडवलं.

“घर सोडून चाललात का हो?”

“छे! परत येतोय ना.”

“रोज परतच येताय,” बाई हळहळल्या. “धीर होत नाही. कळतं मला.”

संध्याकाळपर्यंत सगळ्या जिन्याला कळलं, आणि जिन्याकडून बायकोला. त्याला काहीच न विचारता तिने भावाला फोन केला. शनिवारी सकाळी मेहुणा बहिणीचा संसार सावरायला दारात हजर.

“भाऊजी, तिचं काय चुकलं तेवढं सांगा.”

“अहो, मी डोंगरात चाललोय! बर्फात!”

मेहुण्याने बहिणीकडे पाहिलं. “संन्यास,” तो पुटपुटला.

शेवटी आरेखकाने मोहिमेचं पत्र काढून दाखवलं, तेव्हा कुठे पटलं. पण पत्राच्या तळाशी डॉक्टरांचा दाखला मागितला होता. मेहुण्याने ते वाचलं आणि त्याच पावली त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोनदा रक्तदाब मोजला, दोनदा मान हलवली.

“त्या उंचीवर? तुम्ही जिना चढता तेच पुष्कळ झालं.”

मेहुणा समाधानाने परस्पर गावी गेला. आरेखक घरी आला, शर्ट बदलायला कपाट उघडलं आणि तसाच उभा राहिला. त्याच्या दोन्ही कप्प्यांत बायकोचे कपडे होते, छान ऐसपैस. त्याचे शर्ट खाली एका पिशवीत.

“हे कधी केलंस?”

“काल.” ती ओशाळली. “तीन दिवस रडले मी. खरंच रडले. मग म्हटलं, जातायत तर जाऊ देत.”

तो पलंगाच्या कडेवर बसला. खिंड आता कागदावरच राहणार होती. “डॉक्टर नको म्हणाले,” तो कसाबसा म्हणाला.

तिने कपाटाचं दार लावलं. मग जवळ येऊन बसली.

“किती दिवसांची असते ती मोहीम?”

“सोळा.”

तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. “आपण दुसऱ्या डॉक्टरांना दाखवूया ना,” ती म्हणाली. इतक्या मायेने ती बऱ्याच वर्षांत बोलली नव्हती.