शेजारच्या खळ्यातून

आमच्या शेजारचे बाबलकाका स्वतःच्या घरात सरळ कधीच शिरत नसत. बाजारातून आले की आधी आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात यायचे, वाळत घातलेली कोकमाची सोलं तुडवायचे, मधल्या दगडी गडग्यावर चढायचे आणि पलीकडे आपल्या अंगणात उतरायचे. त्यांच्या घराला चांगलं फाटक होतं. ते फक्त गुरं वापरत.

"भावजी, तुमच्या घराक दार नाय काय?" आई ओरडायची.

"वयनी, शेजारच्या सुरावयसून घरच्या सुरार इला काय गोड लागता!"

ही जॅझची शिकवण: घरच्या सुरावर थेट जायचं नाही, शेजारच्या सुरावरून उतरायचं. काका मूळचे तारकर्लीचे, पण उमेदीची वर्षं गोव्यातल्या एका हॉटेलच्या बँडमध्ये डबल बास वाजवण्यात गेलेली. डबल बास म्हणजे माणसापेक्षा उंच व्हायोलिन. वर गाणं बागडतं आणि खाली बास ठोक्यागणिक एकेक सूर टाकत चालतो. काका वर्षानुवर्षं त्याच चार सुरांवरून चालले. शेवटी बँडमास्तर म्हणाला, "बाबल, घाण्याचा बैलसुद्धा कधीतरी मान वळवतो." ते त्यांना फार झोंबलं. रेल्वे कुडाळला आली तेव्हा काका बास घेऊन गावी परतले आणि म्हातारपणी नव्यानं चालायला शिकू लागले.

पद्धत त्यांची स्वतःची. बाजाराला रोज नव्या वाटेनं जायचं. आज बंदरावरून, उद्या माडांतून, परवा कुणाच्या तरी परसातून, कुत्रं मागे लागलं तर आणखी लांबून. "कितीय भोवा, पयल्या ठोक्याक घरात होयो," म्हणजे कितीही भटका, समेला घर गाठा, हा मंत्र. बांगडे आणायला गेलेले काका परतेपर्यंत काकी डाळभात जेवून मोकळ्या झालेल्या असत.

एकदा त्यांनी आमच्या भजनातही बास आणला. मी पेटीवर होतो. गजर सुरू झाला आणि काकांनी अशा काही आडवाटा धरल्या, की बुवा अभंग सोडून त्यांच्याच मागे निघाले. पखवाजवाला हात जोडून म्हणाला, "काकानू, आमका घराकडे तरी सोडा!"

मग एका उन्हाळ्यात गडग्यावरून पाय घसरला आणि काकांचा घोटा मुरगळला. सोलं वाचली, पण आईला करमेना. तिनं मला बांगड्यांचं तिखलं देऊन पाठवलं.

काका ओटीवर काकींच्या शेजारी बास धरून रडवेले बसले होते.

"माझा काय नाय रे. पण हिका आता खंयची वाट दाखवू?"

काकींचे गुडघे केव्हाचेच गेले होते, ओटीखाली पाऊल पडत नव्हतं. काका दिवसा जी वाट चालत, ती संध्याकाळी त्यांना वाजवून दाखवत. चढणीला सूर चढत, व्हाळाच्या पाण्यात उतरत. काकी डोळे मिटून वाट ओळखत आणि जुनीच निघाली तर चिडत, "ही सोमवारचीच!" हे मला त्या दिवशी कळलं आणि त्या माणसाबद्दल मनात फार माया दाटून आली.

काकांनी जरा वेळ तारा नुसत्याच चाचपल्या. मग सुरुवात केली. लांब चढण, मग उतार, मग कितीतरी वेळ सपाट, संथ, पाण्याच्या काठानं चालल्यासारखं. काकींनी ओळखायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्यांचं माहेर धामापूरचं, तळ्याजवळ. तिथे आता कुणी उरलं नव्हतं; त्यांची आवस, म्हणजे आई, जाऊनही वर्षं लोटली होती.

"जरा सावकाश," त्या म्हणाल्या. "देवळाकडे थांबया."

काका थांबले. मग शेजारच्या सुरावरून अलगद शेवटच्या सुरात शिरले.

काकींनी डोळे उघडले नाहीत.

"पोचलाव," त्या म्हणाल्या. "आवस खळ्यातच उभी आसा."